सिनेमांच्या जुन्या डिस्क ऑनलाइन लिलावात विकणं: लॉट घ्यावा का, आणि बोली कितीपासून ठेवावी?

कोरी_पाटी

वापरलेल्या सिनेमांच्या डिस्क एकगठ्ठा घेऊन ऑनलाइन लिलावाच्या साइटवर सुट्या विकायचा विचार आहे. जोडधंदा म्हणूनच, आठवड्याला ८-१० तास देता येतील. २२० डिस्कचा एक लॉट समोर आला आहे: साधारण १७० डीव्हीडी, ४० ब्लू-रे, बाकी व्हीएचएस कॅसेट. यादी नाही, फक्त खोक्यांचे फोटो.

प्रश्न असे:
१. सगळंच लिलावाला लावायचं की काही माल ठरलेल्या किमतीला? बोली अगदी कमीपासून सुरू केली की गर्दी होते, हे खरं आहे का?
२. एवढ्या डिस्क तपासायच्या कशा? प्रत्येक सिनेमा पूर्ण बघणं शक्य नाही.
३. नकली माल ओळखायचा कसा?
४. पाठवताना काय बिघडतं?

---

तिसरी_घंटा

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात.

लिलाव चालायला एकाच वस्तूवर, त्याच आठवड्यात, किमान दोन माणसं अडून बसलेली लागतात. लाखोंनी छापल्या गेलेल्या गाजलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला असे दोन जण मिळत नाहीत. एकच येतो, पहिली बोली लावतो आणि तुमच्या सुरुवातीच्या किमतीला वस्तू घेऊन जातो. म्हणून आधी मालाचे तीन ढीग करा. छपाई बंद झालेल्या आवृत्त्या, संपूर्ण बॉक्ससेट, स्टीलबुक (धातूच्या डब्यातली खास आवृत्ती), क्रायटेरियनसारख्या संग्राहकांच्या मालिका, ज्यांचा भाव तुम्हालाही नीट सांगता येत नाही असं सगळं लिलावाला. हळूहळू पण नक्की खपणारं ते ठरलेल्या किमतीला. उरलेलं सुटं विकूच नका. १०-१० चे गठ्ठे करा, आणि गठ्ठ्याला काहीतरी सूत्र असू द्या: एकच नट, एकच दिग्दर्शक, फक्त भयपट, फक्त लहान मुलांचे. "मिक्स सिनेमे" असा गठ्ठा कोणी घेत नाही.

भाव बघताना विक्रीला लावलेल्या किमती बघू नका, त्या नुसत्या इच्छा असतात. "विकले गेले" हे गाळणं लावून गेल्या ९० दिवसांचे सौदे बघा, आणि त्याच आवृत्तीच्या किती प्रती आत्ता विक्रीला आहेत तेही मोजा. ९० दिवसांत १२ विकल्या आणि आत्ता ४ उभ्या असतील तर माल हातोहात जाईल. २ विकल्या आणि ६० उभ्या असतील तर आहे तोच साठा संपायला त्या वेगाने सात वर्षं लागतील. मग किंमत कितीही छान दिसो, हात लावू नका. शोध नावाने नाही, बारकोडने घ्या (१२ किंवा १३ आकडे). एकाच सिनेमाच्या पाच आवृत्त्या असतात आणि त्यांच्या भावात दहापट फरक असू शकतो.

आता हिशोब. कमिशन साइटप्रमाणे बदलतं. इथे १३ टक्के धरतो, आणि ते बहुतेक ठिकाणी टपालखर्चासह पूर्ण रकमेवर लागतं हे लक्षात ठेवा. अंतिम बोली १००, गिऱ्हाइकाकडून टपालाचे २५, म्हणजे जमा १२५. त्यातून कमिशन १६.२५, प्रत्यक्ष टपाल २५, पॅकिंग ५. उरले ७८.७५. परत येणाऱ्या मालासाठी बोलीच्या ५ टक्के बाजूला काढा, उरले ७३.७५. वस्तू ४० ला पडली असेल तर ठीक चाललं आहे.

तीच वस्तू २० ला गेली तर? जमा ४५, कमिशन ५.८५, टपाल २५, पॅकिंग ५, उरले ९.१५. परतीसाठी १ काढला की ८.१५. वस्तू १० ला पडली असेल तर पदरचे गेले, शिवाय फोटो, मजकूर, पॅकिंगमध्ये वीस मिनिटं घालवलीत ती वेगळी. टपाल आणि पॅकिंग बोलीबरोबर कमी होत नाहीत, म्हणून पडलेली बोली इतकी झोंबते.

लॉटबद्दल: यादी नसलेल्या लॉटमध्ये सुटं विकण्याजोगं दहातलं एकच निघेल असं धरून चाला. म्हणजे २२० पैकी २२. त्या २२ मधून पूर्ण लॉटची किंमत वसूल होत असेल तरच घ्या, गठ्ठ्यांमधून येईल तो नफा. खोक्यांच्या फोटोंत कण्यावरची (डब्याच्या अरुंद कडेवरची) नावं वाचता येत असतील तर तासभर बसून २०-३० नावं तपासा. विकणारा जवळून फोटो द्यायला तयार नसेल तर चांगला माल आधीच उचलला गेलाय असं समजा.

---

पॉलिकार्बोनेट

तपासणी आणि नकली माल, दोन्ही घेतो. लांबेल, पण धंद्याचा कणा हाच आहे.

आधी डोळ्यांनी. डिस्क एका दिव्याखाली तिरकी धरून फिरवा. मधून कडेकडे जाणारे सरळ ओरखडे दिसायला वाईट असले तरी बहुतेकदा निरुपद्रवी असतात. माहिती गोलाकार मार्गावर असते, आडवा ओरखडा तो मार्ग क्षणभरच तोडतो, आणि चूकदुरुस्तीची पद्धत तेवढं भरून काढते. गोलाकार, मार्गाच्या दिशेने गेलेला ओरखडा मात्र बारीक असला तरी घातक, कारण सलग बरीच माहिती एकदम जाते. पुसायचंही त्याचमुळे मधून बाहेर, गोल गोल कधीच नाही. मऊ मायक्रोफायबर आणि किंचित कोमट पाणी पुरतं, चिकट असेल तर पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलं तर प्लास्टिक धुरकट होऊन तडकतं.

डिस्क उजेडासमोर धरूनही बघा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर परावर्तक थर गेलाय. कडेकडून आत सरकणारे कांस्य रंगाचे किंवा ढगाळ डाग दिसले तर थरांमध्ये हवा शिरून डिस्क कुजायला लागली आहे. याला उपाय नाही, पॉलिश करूनही नाही. सरळ बाजूला काढा.

मग प्रत्यक्ष वाचन. सिनेमा बघत बसायची गरज नाही. संगणकात डिस्क घाला आणि पृष्ठभाग तपासणारं सॉफ्टवेअर पूर्ण डिस्कवरून फिरवा. एका डीव्हीडीला १० ते २० मिनिटं लागतात, तोवर तुम्ही फोटो काढू शकता. वेळ नसेल तर निदान सुरुवात, मध्य आणि शेवट असे तीन तुकडे चालवून बघा. "मध्य" का, ते सांगतो. एका थराची डीव्हीडी (४.७ जीबी) आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे कडेचा ओरखडा सिनेमाच्या शेवटी त्रास देतो. दुहेरी थराची (८.५ जीबी) सिनेमाची डिस्क मात्र पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत असा वाचते. कडेला ओरखडा असेल तर अडखळते ती मध्यावर, थर बदलताना. पहिली पाच मिनिटं आणि शेवट बघून "चालते" लिहिणारे इथेच फसतात.

ब्लू-रेचं गणित निराळं. डीव्हीडीत माहितीचा थर डिस्कच्या जाडीच्या मधोमध, ०.६ मिमी खोल असतो. ब्लू-रेत तो वाचायच्या बाजूपासून फक्त ०.१ मिमीवर असतो आणि वर कडक लेप असतो. त्यामुळे ब्लू-रेवर सहजासहजी ओरखडा पडत नाही, पण पडला तर डिस्क संपली. पॉलिशच्या मशीनमध्ये ब्लू-रे घालू नका, लेप निघतो. डीव्हीडीला पॉलिश चालतं, पण तेही गिऱ्हाइकाला सांगून.

नकली माल. छापील (कारखान्यात दाबलेल्या) डीव्हीडीची खालची बाजू चंदेरी असते, दुहेरी थराची किंचित सोनेरी झाक मारते. सोनेरी म्हणजे नकली असं समजून चांगला माल फेकू नका. जांभळी किंवा निळसर झाक असेल तर ती घरी किंवा दुकानात लिहिलेली डिस्क. याला एक अपवाद आहे: मागणीनुसार डिस्क लिहून विकणाऱ्या अधिकृत मालिका. वॉर्नर आर्काइव्ह २००९ मध्ये सुरू झाली तेव्हा अशाच लिहिलेल्या डिस्क देत होती. तो माल खरा, पण वर्णनात तसं स्पष्ट लिहा, नाहीतर गिऱ्हाईक रंग बघून नकली म्हणून परत पाठवेल. ब्लू-रेच्या बाबतीत रंगावर विसंबू नका, तिथे आतलं कडं बघा.

आतल्या कड्यावर, म्हणजे मधल्या भोकाभोवतीच्या पट्ट्यात, क्रमांक आणि बारकोड असतो. तिथेच आयएफपीआयने (ही ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) सुरू होणारे दोन बारीक कोड असतात: एक आरशासारख्या भागात (आयएफपीआय नंतर एल), दुसरा आतल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये उमटवलेला, तो भिंग लावल्याशिवाय दिसत नाही. कोड नाही म्हणून नकली किंवा आहे म्हणून अस्सल असं शंभर टक्के नसतं, पण नवीन बॉक्ससेटमध्ये दोन्ही गायब असतील आणि मुखपृष्ठाची छपाई फिकट, अक्षरं पसरलेली, मागच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका असतील तर निष्कर्ष उघड आहे. दूरदर्शन मालिकांचे संपूर्ण संच आणि अ‍ॅनिमेशनचे मोठे बॉक्स, नकलीचा सुळसुळाट सगळ्यात जास्त तिथे.

नकली निघाली तर "स्वस्तात" किंवा "जशी आहे तशी" म्हणूनही विकू नका. खातं बंद होतं, आणि तो गुन्हा आहे.

रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा कोड, विसरू नका. डीव्हीडीचे १ ते ६: १ अमेरिका-कॅनडा, २ युरोप-जपान, ३ आग्नेय आशिया, ४ ऑस्ट्रेलिया-लॅटिन अमेरिका, ५ भारत-रशिया-आफ्रिकेचा बराच भाग, ६ चीन. ब्लू-रेचे ए, बी, सी. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला रीजन नसतो, पण त्याच डब्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो. शिवाय डीव्हीडी पीएएल की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती), तेही लिहा. डब्यावर छापलं नसेल तर सिनेमाची लांबी बघा. पीएएलमध्ये सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणून १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो.

---

कोरी_पाटी

हे फार उपयोगाचं आहे. व्हीएचएसचं काय करावं? आणि बोलीच्या सुरुवातीचं अजून नीट उमगलं नाही. काही जण तर १ पासूनच सुरू करा म्हणतात.

---

रिळाचा_डबा

व्हीएचएस: खिडकीतून फितीच्या कडा बघा. पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. यंत्रात घालू नका, हेड खराब होतो आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. जे सिनेमे पुढे कधीच डिस्कवर आले नाहीत तेवढेच सुटे विकण्यासारखे. बाकी दहा कॅसेटचं वजन दोन किलोच्या पुढे जातं, टपाल मालापेक्षा महाग पडतं.

बोलीबाबत तिसरी_घंटा यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. कमी सुरुवात चुकीची नाही, चुकीच्या मालावर केली तर घातक. कमी आकडा दिसला की पहिल्या दोन दिवसांत नजर ठेवणारे वाढतात, एक-दोन बारीक बोल्या पडतात, आणि बोली लावलेल्या माणसाला वस्तू आपलीच वाटायला लागते. मग तो वर जातो. पण हे तेव्हाच, जेव्हा गेल्या ९० दिवसांत त्या आवृत्तीचे निदान ८-१० सौदे झालेत आणि आत्ता विक्रीला दोनतीनच उभ्या आहेत. नाहीतर सुरुवात तिथून करा जिथे एकाच बोलीवर वस्तू गेली तरी वाईट वाटणार नाही. वरच्या उदाहरणातली ४० ला पडलेली वस्तू घ्या: टपाल, कमिशन, पॅकिंग, परती सगळं धरून बरोबरी साधारण ५९ वर होते. मी सुरुवात ६५ ला सुचवेन. राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकलीच जात नाही) ठेवायची सोय असते, पण तिचं वेगळं शुल्क लागतं आणि "राखीव किंमत गाठली नाही" हे वाचून गिऱ्हाईक बिथरतं. टाळलेली बरी.

शेवटच्या दिवसापर्यंत बोली पडली नाही तरी घाबरून लिलाव मागे घेऊ नका. जाणकार लोक शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकतात, आणि साइट स्वयंचलित बोली घेते, म्हणजे त्यांनी मनात ठरवलेला कमाल आकडा दिसतच नाही. दिसते ती दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा एक पायरी वरची बोली. आणि भाव चढवायला मित्राकडून बोली लावून घ्यायचा मोह झाला तर खातं गेलंच म्हणून समजा.

मुदत ७ दिवसांची, म्हणजे एक शनिवार-रविवार येतोच. शेवट रविवारी संध्याकाळी, आणि संध्याकाळ गिऱ्हाइकाच्या देशातली, तुमच्या नव्हे. वीस लिलाव एकाच मिनिटाला संपवू नका. एकाच माणसाला त्यातले तीन हवे असतील तर तो एकाच जागी लढेल. पाच-पाच मिनिटांचं अंतर ठेवा.

शीर्षकाला इबेवर ८० अक्षरं मिळतात. "दुर्मीळ", "सुंदर", "नक्की बघा" यात ती घालवू नका, हे शब्द कोणी शोधत नाही. सिनेमाचं नाव, वर्ष, ब्लू-रे की डीव्हीडी, आवृत्ती, रीजन, किती डिस्क, बाहेरचं पुठ्ठ्याचं आवरण आहे का, या क्रमाने. आवरण असेल तर हमखास लिहा, कित्येक संग्राहक त्याचेच पैसे देतात. फोटो किमान सहा: पुढून, मागून, कणा, डिस्कची खालची बाजू तिरक्या उजेडात, आतल्या कड्यावरचा क्रमांक, आतली पुस्तिका. साइटवरचा तयार फोटो वापरला की "माझ्या डब्याला तडा आहे" ही तक्रार आलीच.

दर्जा लिहिताना एक पायरी खालचा लिहा. आणि डब्यातला डिजिटल कोड (तोच सिनेमा ऑनलाइन मिळवायचा) विकलाय असं कधी लिहू नका. तो बहुधा वापरलेला किंवा मुदत संपलेला असतो, आणि सुटा विकायला अटीही आडव्या येतात.

---

पुठ्ठा_आणि_चिकटपट्टी

चौथा प्रश्न. पाठवताना डिस्क सहसा फुटत नाही, ती डब्यात सुटते. मधल्या खुंटीचे दात तुटतात, डिस्क प्रवासभर आत घासत राहते, आणि तुम्ही निर्मळ पाठवलेली वस्तू गोल ओरखडे घेऊन पोचते. म्हणजे नेमके वर सांगितलेले वाईट ओरखडे. बंद करण्याआधी डबा कानाजवळ हलवा. खडखडलं तर डबा बदला. कोरे डबे जवळ ठेवाच, २५ डीव्हीडीचे आणि १० ब्लू-रेचे. दोन्हींची मापं वेगळी: डीव्हीडीचा साधारण १९० बाय १३५ मिमी, ब्लू-रेचा उंचीला आखूड, १७० च्या आसपास. मूळ मुखपृष्ठ नव्या डब्यात सरकवलं की झालं. बॉक्ससेटमधल्या प्रत्येक डिस्कवर पातळ मऊ फोमचा तुकडा ठेवून झाकण लावा, डिस्क जागची हलत नाही.

एका डिस्कला बुडबुड्यांचं पाकीट पुरतं, पण डब्याभोवती आधी पातळ पुठ्ठा गुंडाळा, कोपरे त्यानेच वाचतात. स्टीलबुक पाकिटात पाठवू नका. एक पोचा आला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत निम्मी. त्याला खोकं, आणि सगळ्या बाजूंनी दोन बोटं भरण. चिकटपट्टी थेट डब्यावर किंवा पुठ्ठ्याच्या आवरणावर लावू नका, काढताना रंग सोबत येतो.

जुनी किमतीची लेबलं केस वाळवायच्या यंत्राने अर्धा मिनिट कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीने सोला. हे फक्त प्लास्टिकच्या डब्यावर. भाड्याने द्यायच्या प्रतींवर लेबल थेट डिस्कवरच असतं, ते ओढू नका. "भाड्याची जुनी प्रत" असं लिहा आणि गठ्ठ्यात टाका.

डबा धरून एक डीव्हीडी साधारण १०० ग्रॅम, म्हणजे दहाचा गठ्ठा पॅकिंगसह किलोच्या वर. टपालाचा दर वजनाच्या टप्प्यांवर बदलतो, तेव्हा ऐन टप्प्यावर अडकणारा गठ्ठा असेल तर एक डिस्क काढून घ्या. लिलाव लावायच्या आधी तोलून घ्या, नंतर नाही.

परतीचा डाव: गिऱ्हाईक चांगली डिस्क ठेवून स्वतःची खराब डिस्क तुमच्या डब्यात परत पाठवतं. म्हणून आतल्या कड्यावरचा क्रमांक आणि एखादी खास खूण फोटोत असावी. दोन प्रतींचा क्रमांक सारखा असू शकतो, ओरखड्यांची नक्षी मात्र सारखी नसते. माग काढता येईल असंच टपाल वापरा, निदान महागड्या मालाला. "मिळालंच नाही" या तक्रारीत मागाचा क्रमांक नसेल तर निकाल विकणाऱ्याविरुद्ध जातो.

आणि माल ठेवायचा कसा? खोक्यांना अंक, खोक्यातल्या जागेला अंक. प्रत्येक वस्तूला ४-१७ असा क्रमांक, तोच यादीत आणि तोच साइटवरच्या खाजगी रकान्यात. वर्णक्रमाने लावायच्या भानगडीत पडू नका, नवीन माल आला की सगळं सरकवत बसावं लागतं. यादीचे रकाने: क्रमांक, बारकोड, खरेदी किंमत, खरेदी तारीख, लावल्याची तारीख, विक्री, कमिशन, प्रत्यक्ष टपाल, पॅकिंग. कराचा हिशोब यातूनच निघतो.

---

कोरी_पाटी

लॉटच्या फोटोत सहा डिस्क सीलबंद दिसतात. त्याही उघडून तपासायच्या का?

---

पॉलिकार्बोनेट

नाही. सील फोडलं की "नवीन" हा दर्जा गेला. पण सील मूळचंच आहे का ते बघा. कारखान्याचं वेष्टन घट्ट, सरळ जोडाचं आणि कोपऱ्यांना नीट दुमडलेलं असतं. घरी गरम हवेने आवळलेलं वेष्टन कोपऱ्यांत गोळा होतं, कुठेतरी सैल राहतं, आणि डब्याला आत जुने ओरखडे दिसतात. शंका असेल तर "वेष्टनात आहे, मूळ सीलची खात्री नाही" असं लिहा. हलवून बघायला मात्र हरकत नाही. सीलबंद डब्यातही डिस्क सुटलेली असते.

आणि अस्सल डिस्क पुन्हा विकणं बहुतेक देशांत चालतं, तरी आपल्या देशाचा कायदा आणि साइटची प्रौढ आशयाबाबतची अट, दोन्ही माल घेण्याआधी वाचा.

---

तिसरी_घंटा

रिळाचा_डबा यांचा ६५ चा आकडा मान्य, मी तो ढीग करण्यातच धरला होता. पहिल्या दोन आठवड्यांत ३० पेक्षा जास्त वस्तू लावू नका. त्यातल्या १८-२० गेल्याशिवाय दुसऱ्या लॉटला हात घालू नका. घेणं सोपं आणि लावणं कंटाळवाणं, म्हणून न लावलेल्या मालाची खोकी साठत जातात आणि भांडवल त्यातच झोपतं. लॉटवाल्याकडे आज कण्यांचे जवळचे फोटो मागा, आणि आलेली नावं इथे टाका. आवृत्ती ओळखायला मदत करू.